परदेशी ठेका : कंपनीला विमा, कामगाराला काय?

पातूरसारख्या गावातला वायरमन किंवा वेल्डर परदेशी निघाला की शेजारीपाजारी एकच विचारतात, पगार किती? देश कोणता आणि त्या देशात काम नेमके कुठे, हे विचारणारा विरळाच.

मे 2018 मध्ये अफगाणिस्तानच्या बघलान प्रांतात वीज उपकेंद्राच्या कामावरील सात भारतीयांचे अपहरण झाले. ते मुंबईच्या केईसी इंटरनॅशनल कंपनीचे होते. हिचा एक कारखाना आपल्या विदर्भातच, नागपूरजवळ बुटीबोरीला आहे. मार्च 2019 मध्ये एक जण सुटला, ऑक्टोबरात तिघे, बाकीच्यांना 2020 उजाडले. त्याआधी 2005 मध्ये झरंज-देलाराम रस्त्यावर सीमा सडक संघटनेच्या चालकाला तालिबानने पळवून ठार केले होते. 218 किलोमीटरचा तो रस्ता 2009 मध्ये अफगाण सरकारच्या हवाली झाला. 2021 मध्ये तेथील सत्ताच पालटली.

अशा जोखमीचा हिशेब कंपन्या आधीच मांडतात. इराकमध्ये ठेके घेतलेल्या भारतीय कंपन्यांची येणी 1980 नंतरच्या युद्धात आणि 1990 च्या कुवेत प्रकरणात वर्षानुवर्षे अडकली, तो धडा जुना आहे. मुंबईतील ईसीजीसी हे सरकारी महामंडळ 1957 पासून निर्यातदारांची जोखीम उचलते. परदेशातील गुंतवणूक युद्धाने, जप्तीने किंवा पैसा बाहेर नेण्याच्या बंदीने बुडाली तर त्यासाठीही त्याचा विमा मिळतो.

कामगाराचे गणित वेगळे. 1983 च्या कायद्याखाली 18 देशांत नोकरीला जाणाऱ्या, दहावी न झालेल्या माणसाला सरकारी मंजुरी लागते. त्याला प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची असते. दोन वर्षांचा हप्ता 275 रुपये, संरक्षण 10 लाखांचे. दहावी पास झालेल्याला ही सक्ती नाही. म्हणजे शिकला तो उघड्यावर! शिवाय नायजर त्या 18 देशांत नाही. तेथे एप्रिल 2025 मध्ये वीजवाहिनीच्या कामावरील झारखंडच्या पाच मजुरांना बंदूकधाऱ्यांनी पळवून नेले.

तेव्हा सही करण्यापूर्वी कामाच्या जागेचे नाव करारात लिहून घ्यावे. अपहरण झाल्यास घरी पगार सुरू राहील काय आणि विम्यातून युद्ध वा दहशतवाद वगळला आहे काय, हेही लेखी घ्यावे. एजंटाचा नोंदणी क्रमांक ई-मायग्रेटवर तपासता येतो. करार इंग्रजीत असेल तर अकोल्याच्या एखाद्या वकिलाकडून वाचून घ्यावा. फार तर एका दिवसाची मजुरी बुडेल.