टायरचे वय किती?

एस.टी.ने लांबचा प्रवास करताना महामार्गाच्या कडेला पडलेल्या काळ्या रबराच्या लांबलचक पट्ट्या तुम्ही पाहिल्या असतील. ती एखाद्या ट्रकच्या टायरची सुटून पडलेली साल असते. टायर पंक्चर होणे वेगळे आणि त्याची साल सुटणे वेगळे. पंक्चरमध्ये फक्त हवा जाते. साल सुटते तेव्हा टायरची बांधणीच उसवते, आणि तीही बहुधा गाडी भरधाव असताना! असे का होते?

टायरच्या पोटात

मोटारीचा रेडियल टायर वरून अखंड रबराचा दिसतो, पण तो अनेक थरांचा बनलेला असतो. सर्वांत आत हवा अडवणारा पातळ थर, त्यावर पॉलिएस्टरच्या दोऱ्यांचा सांगाडा, त्यावर पोलादी तारांचे दोन पट्टे आणि सर्वांत वर नक्षीचे जाड रबर. या जाड रबराला ‘ट्रेड’ म्हणतात.

रबर पोलादाला सहजी चिकटत नाही. म्हणून तारांना पितळेचा मुलामा देतात. साच्यात टायर तापवला की रबरातील गंधकाचा पितळेतील तांब्याशी संयोग होतो आणि घट्ट बंध तयार होतो. परंतु पट्ट्यांच्या कडांना तारा कापलेल्या असतात. त्या उघड्या टोकांवर मुलामा नसतो. टायरचे मर्मस्थान ते हेच. पहिली बारीक भेग बहुधा येथेच पडते.

आता थोडे गणित करू. चाकाचा व्यास ६० सेंटिमीटर धरला तर परिघ होतो सुमारे १.९ मीटर. म्हणजे एक किलोमीटर जाण्यासाठी चाकाला सुमारे ५३० फेरे घ्यावे लागतात. ४०,००० किलोमीटर धावलेला टायर दोन कोटींहून अधिक वेळा फिरलेला असतो. प्रत्येक फेऱ्यात त्याचा प्रत्येक भाग एकदा रस्त्यावर दबतो आणि पुन्हा मूळ आकारात येतो. तार पुन्हा पुन्हा वाकवली की शेवटी तुटते, तशीच ती बारीक भेगही कणाकणाने वाढत जाते.

शिवाय फिरत्या चाकावरील प्रत्येक वस्तू बाहेर फेकली जाऊ पाहते. ताशी ८० किलोमीटर वेगाला ट्रेडचा १० ग्रॅमचा तुकडा जागेवर धरून ठेवण्यासाठी सुमारे १.७ किलोग्रॅम वजनाइतके बल लागते. वेग दुप्पट झाला की हे बल चौपट होते. साल नेमकी वेगातच का सुटते, हे यावरून ध्यानात येईल.

उष्णता आणि म्हातारपण

एक जाड रबरबँड झटकन ताणून ओठाला लावा. तो किंचित गरम लागेल. सैल सोडला की गार होईल. मात्र ताणताना खर्च केलेली सगळी ऊर्जा परत मिळत नाही. काही भाग उष्णता म्हणून रबरातच राहतो. टायरमध्ये हेच घडते. हवा कमी असली की टायर अधिक दबतो, अधिक तापतो. गाडीत जादा ओझे भरले तरी तेच.

दुसरा शत्रू हवेतच आहे. ऑक्सिजन रबराच्या लांब साखळ्यांसारख्या रेणूंशी संयोग पावतो आणि रबर कडक, ठिसूळ होते. ओझोनमुळे ताणलेल्या रबराला बाहेरून भेगा पडतात. टायरमध्ये हवा दाबाने भरलेली असल्याने ऑक्सिजन आतूनही झिरपत पोलादी पट्ट्यांपर्यंत पोचतो. तापमान वाढले की या रासायनिक क्रियेचा वेगही वाढतो. म्हणून गाडी नुसती उभी असली तरी टायर म्हातारा होतच असतो.

दोन धडे

९ ऑगस्ट २००० रोजी अमेरिकेत फायरस्टोन कंपनीने ६५ लाख टायर परत मागवले. त्यांतील बरेच फोर्ड कंपनीच्या ‘एक्सप्लोरर’ या उंच गाडीला बसवलेले होते. वेगात असताना ट्रेड आणि वरचा पोलादी पट्टा सुटे आणि गाडी उलटे. या टायरांशी संबंधित अपघातांत २७१ माणसे मृत्यू पावल्याची नोंद तेथील सरकारी वाहतूक सुरक्षा संस्थेने केली. टेक्सास, फ्लोरिडा, ॲरिझोना अशा उष्ण राज्यांत हे अपघात अधिक झाले. पट्ट्यांच्या कडांमध्ये भेगा वाढत गेल्याचे तपासात दिसले. हवेचा दाबही वादाचा विषय ठरला. फोर्डने २६ पौंडांची शिफारस केली होती, तर फायरस्टोनने पुढे ३० पौंड ठेवण्यास सांगितले. त्याच वर्षी अमेरिकेत टायरसुरक्षेचा नवा कायदा झाला. हवा कमी झाल्याची सूचना देणारा दिवा मोटारींत सक्तीचा झाला, तो या कायद्यामुळेच.

दुसरा धडा ब्रिटनचा. सप्टेंबर २०१२ मध्ये हिंडहेडजवळ एका प्रवासी बसचा पुढचा टायर फुटला. बस झाडावर आदळली आणि तिघांचा बळी गेला. टायरची नक्षी पुरेशी खोल होती, कायद्याने तो वापरण्याजोगा होता. पण त्याचे वय होते साडेएकोणीस वर्षे! मृतांपैकी एक मुलगा अवघा १८ वर्षांचा होता. टायर त्याच्याहून वयाने मोठा होता. १ फेब्रुवारी २०२१ पासून तेथे बस आणि ट्रकच्या पुढच्या चाकांना दहा वर्षांहून जुना टायर बसवण्यास बंदी आहे.

तुम्ही काय पाहाल?

गोटा झालेला टायर कोणालाही ओळखता येतो. मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत झिजली की खाचांतील रबराचे छोटे उंचवटे तिच्या पातळीला येतात. तो टायर बदलायचा. पण म्हातारा टायर नक्षीवरून ओळखू येत नाही. त्यासाठी त्याच्या बाजूवर ‘डीओटी’ या तीन इंग्रजी अक्षरांनी सुरू होणारी ओळ शोधा. ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. ‘३५१९’ म्हणजे २०१९ सालचा ३५वा आठवडा. (एका बाजूला आकडे नसतील तर दुसरी बाजू पाहा.) जुन्या बाजारातून टायर आणताना घासाघीस करण्याआधी हे आकडे वाचायला हवेत. स्टेपनीचेही वाचा. ती वर्षानुवर्षे डिकीत पडून असते. नक्षी कोरी करकरीत, पण रबर म्हातारे, असे तिच्याबाबतीत सहज घडते.

बाजूवर भेगा किंवा फुगा दिसला, किंवा चालत्या गाडीत नवीच थरथर व धपधप जाणवू लागली, तर मोठ्यांना लगेच सांगा. साल सुटलीच तर चालकाने एकदम ब्रेक दाबू नये. स्टिअरिंग घट्ट धरून वेग हळूहळू कमी होऊ द्यावा.

आणि एक प्रयोग करा. दोन सारखे रबरबँड घ्या. एक लाकडाच्या तुकड्यावर ताणून गच्चीत उन्हात ठेवा. दुसरा सैल, अंधाऱ्या डब्यात ठेवा. दर आठवड्याला भिंगातून दोन्ही पाहून वहीत नोंद करा. महिन्याभरानंतर दोन्ही ताणून पाहा. टायरचे म्हातारपण तुम्हाला बोटांनाच समजेल.