लक्ष्मण यांचा ‘कॉमन मॅन’ शिळा झाला होता का?



मागच्या वेळी व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्यांनी जरा संकोचतच विचारलं, ‘आर. के. लक्ष्मण थोरच, पण पुढे पुढे ते तेच ते काढत नव्हते का?’ संकोचण्यासारखं त्यात काहीच नाही. आज याच प्रश्नाकडे बघू.

आधी साधा हिशेब करा. ‘टाइम्स ऑफ इंडिया’तलं त्यांचं एका चौकटीचं रोजचं व्यंगचित्र 1951 मध्ये सुरू झालं. वर्षाला तीनशे चित्रं धरली, तरी पन्नास वर्षांत ती पंधरा हजार होतात. इतकं काम करणाऱ्या माणसाच्या हातून पुनरुक्ती होणारच. म्हणून ‘पुनरुक्ती झाली का’ असं विचारून फारसं हाती लागत नाही. पुनरुक्ती कशाची झाली, ते विचारायला हवं.

पहिली पुनरुक्ती पात्राची. चौकटीचा कोट, धोतर, चष्मा, मिशी आणि तोंडातून अवाक्षर नाही. हा माणूस आला कुठून? लक्ष्मण सुरुवातीला गर्दी काढत. बंगाली, तमिळ, पंजाबी अशी वेगवेगळ्या प्रांतांची माणसं त्यांच्या चित्रात असायची. रोज वेळेत चित्र द्यायचं, तर एवढी माणसं काढायला सवड कुठली? एकेक करत ती गळत गेली आणि हा एक उरला. म्हणजे तो घाईतून जन्मला. पण त्यामुळे वाचकाची सोय झाली. रोज नवी ओळख करून घ्यावी लागत नाही, नजर थेट विषयावर जाते. याला मी शिळेपणा म्हणणार नाही. कीर्तनकाराची झांज रोज तीच असते, म्हणून कोणी तक्रार करतं का?

दुसरी पुनरुक्ती विषयाची. खड्डे, महागाई, पाणीटंचाई, पुढाऱ्यांची आश्वासनं. इथे दोष चित्रकाराचा किती आणि देशाचा किती? चंद्रावर पाठवायला कोण योग्य, तर अन्न, पाणी, उजेड, निवारा यांच्यावाचून जगू शकणारा हा कॉमन मॅन, हे त्यांचं गाजलेलं चित्र आठवा. ते आजही लागू पडतं, असं आपण कौतुकाने म्हणतो. खरं तर ते लागू पडतं याची आपल्याला लाज वाटायला हवी.

तिसरी पुनरुक्ती विचाराची, आणि इथे मात्र आरोपात तथ्य आहे, असं मला वाटतं. 1990 नंतर राजकारण बदललं. मंडल आलं, मंदिराचा प्रश्न पेटला, 1991 मध्ये अर्थव्यवस्था खुली झाली, आघाडीची सरकारं आली. लक्ष्मण यांच्या चौकटीत मात्र बऱ्याचदा तोच गांधी टोपीवाला, पोट सुटलेला मंत्री आणि तोच हतबल मध्यमवर्गीय म्हातारा. सगळे पुढारी सारखेच आणि सामान्य माणूस नेहमी निर्दोष, हे गृहीतक बदललं नाही. पण हाच सामान्य माणूस मत देतो, जात पाळतो, प्रसंगी लाचही देतो. तो नुसता बघत उभा नसतो. त्याच्याकडे बोट दाखवणं त्या चौकटीला फारसं जमलं नाही.

आणि इथे आपलाही वाटा आहे. त्या निर्दोष माणसात आपण स्वतःला बघत होतो, म्हणून तो आपल्याला आवडत होता. 1988 मध्ये तर तो टपाल तिकिटावर आला. ज्या सरकारची रोज टर उडवायची, त्याच सरकारचं तिकीट! पुढे पुण्यात आणि वरळीला त्याचे पुतळे उभे राहिले. टीकेचा विषय झालेल्यांनाही टीका गोड वाटू लागली, की तिची धार गेली असं समजावं.

तरीही एक गोष्ट विसरू नका. 2003 मध्ये पक्षाघाताने त्यांची डावी बाजू अधू झाली, त्यानंतरही ते चित्र काढत राहिले. त्यांची रेषा थकली असेल, पण कामावरची निष्ठा नाही.

तेव्हा आजच्या कोणत्याही व्यंगचित्रकाराला ‘शिळा’ म्हणण्याआधी तीन गोष्टी तपासा. पात्र तेच आहे का? असू द्या. विषय तोच आहे का? मग आधी देशाकडे बघा. विचार तोच आहे का? तर मग खुशाल तक्रार करा. फक्त जाता जाता स्वतःलाही विचारा, की त्याने माझ्यावरच चित्र काढलं असतं, तर मला ते रुचलं असतं का?