विसार आणि भीड

व्यवहारात भीड धरू नये, असे आम्ही वर्गात मुलांस वर्षानुवर्षे सांगत आलो. परंतु स्वतःवर प्रसंग आला तेव्हा आमचेच तोंड बंद झाले. गेल्या वैशाखात सोलापुरास नातवाची मुंज ठरली. स्वयंपाकाचे काम परिचयाच्या एका आचाऱ्यास सांगून पंधरा हजार रुपये विसार दिला. घरच्यासारख्या माणसाकडे पावती कशास मागावयाची, ही भीड! मुहूर्त आठ दिवसांवर आला असता त्याने अंग काढून घेतले, आणि विसार मागता, “लेखी कोठे ठरले होते?” असा उलट प्रश्न केला. “मंगलकार्याच्या पैशांवरून तंटा नको,” असे घरातील मंडळी म्हणू लागली.

आम्हांस ते पटेना. लेख नाही म्हणजे करार नाही, हा समज मुळातच चुकीचा होय. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे, काही अपवाद सोडता, तोंडी करारही बंधनकारक असतो. प्रश्न उरतो तो पुराव्याचा. याज्ञवल्क्यस्मृतीनेही लेखाबरोबर भोग आणि साक्षी ही प्रमाणे मानली असून, वेतन घेऊन काम टाकणाऱ्याने दुप्पट द्यावे, असे सांगितले आहे. तिच्यावरील विज्ञानेश्वराची ‘मिताक्षरा’ टीका सोलापुराहून फार दूर नसलेल्या कल्याणीस, चालुक्यांच्या राजधानीत, लिहिली गेली!

प्रमाणे शोधू लागता ती घरातच निघाली. विसार सूनबाईंनी मोबाईलवरून धाडला होता, त्याची नोंद बँकेच्या उताऱ्यात होती. पदार्थांची यादी व तारीख यांचे निरोप जपलेले होते. बोलणी झाली तेव्हा आमचे धाकटे बंधू हजर होते. हे सारे नमूद करून पंधरा दिवसांच्या मुदतीचे पत्र आम्ही स्पीड पोस्टाने पाठविले. दाद न मिळाल्यास १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्य केंद्र आहे. आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही, व वकीलही सक्तीचा नाही.

तेथवर जावे लागले नाही. दहाव्या दिवशी आचारी स्वतः आला. आमच्या कामासाठी आणलेल्या जिनसांत दोन हजारांचे नुकसान झाल्याची पावती त्याने दाखविली. ते न्याय्य म्हणून आम्ही सोडले. तेरा हजार घेतले आणि पोचपावती लिहून त्याच्या हाती दिली. चहा घेऊनच तो गेला. संबंध पावतीने तुटत नाहीत, वाचकहो. पावती नसल्याने मात्र तुटू पाहतात.