फिशटँकवरील दिवा : शोभा आणि सुरक्षितता

१९५१ साली मरीन ड्राईव्हवर तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले आणि काचेआडचे रंगीत मासे पाहण्याची संधी सामान्य मुंबईकरालाही मिळाली. आज अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीच्या चाळींतून व वसाहतींतून अनेक घरांत लहानसा फिशटँक दिसतो. मुले त्यात रमतात, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु या हौसेत पाणी आणि वीज एकमेकांपासून वीतभर अंतरावर नांदत असतात, याचा आपल्याला विसर पडतो. म्हणून टँकवर दिवा कसा बसवावा, याची माहिती आमच्या सभासदांसाठी व विद्यार्थ्यांसाठी येथे देत आहोत.

धोका नेमका कशात आहे?

आपल्या घरात येणारी वीज २३० व्होल्टची असते. ओल्या हाताची त्वचा विजेला फारसा विरोध करीत नाही. शिवाय टँकचे पाणी शुद्ध नसते. त्यात क्षार असतात व त्यामुळे त्यातून वीज वाहते. दिवा पाण्यात पडला किंवा त्याच्या होल्डरमध्ये पाणी शिरले, तर पाण्यात हात घालणाऱ्याला जबर धक्का बसू शकतो.

येथे अनेकांचा एक गैरसमज असतो. "बोर्डावर फ्यूज किंवा एम.सी.बी. आहे, मग भीती कसली?" असे ते म्हणतात. एम.सी.बी. हा वायरिंग जळू नये म्हणून असतो. ६ अँपिअरचा एम.सी.बी. ६ अँपिअरपर्यंतचा प्रवाह बिनतक्रार वाहू देतो. माणसाच्या जिवाला मात्र त्याच्या शंभराव्या हिश्शाहून थोडा अधिक प्रवाहही घातक ठरू शकतो. माणसाच्या रक्षणासाठी ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. लागतो. जाणारी व परत येणारी वीज तो सतत ताडून पाहतो. वीज शरीरावाटे जमिनीकडे गळू लागली की तो क्षणार्धात पुरवठा तोडतो. जुन्या चाळींत अर्थिंग धड नसते, तेथे तर त्याची गरज अधिकच आहे. तो परवानाधारक वायरमनकडूनच बसवावा व त्यावरील चाचणीचे बटण अधूनमधून दाबून पाहावे.

दिवा कोणता घ्यावा?

पूर्वी पत्र्याच्या किंवा लाकडी झाकणात ६० वॅटचा बल्ब अथवा चोकसह ट्यूब बसवीत. बल्ब तापतो, त्यावर थंड पाण्याचा शिंतोडा उडाला तर काच तडकते. झाकणाचा पत्राही गंजतो. आता १२ व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरवर चालणारा एल.ई.डी. दिवा मिळतो. टँकवर लोंबणारी वायर कमी दाबाची राहते, हा त्याचा मोठा फायदा. मात्र अ‍ॅडॉप्टरमध्ये २३० व्होल्ट असतातच, म्हणून तो टँकपासून दूर, कोरड्या जागी ठेवावा. दिव्यावर 'आयपी ६७' असे लिहिलेले असल्यास तो थोडा वेळ उथळ पाण्यात पडला तरी आत पाणी शिरत नाही, असा त्याचा अर्थ. 'आयपी २०' असल्यास पाण्यापासून काहीही संरक्षण नाही.

बसविताना

१) टँकवर आधी झाकणकाच ठेवावी. खाणे टाकण्यापुरती फट पुरे. त्यामुळे वाफ व शिंतोडे दिव्यापर्यंत सहसा जात नाहीत आणि मासेही उडी मारून बाहेर पडत नाहीत.

२) दिवा काचेच्या कडेला पक्क्या क्लिपने अथवा स्टँडने बसवावा. नुसत्या चिकटपट्टीवर भरवसा ठेवू नये. आपल्या पावसाळी हवेत ती सुटते. छताला टांगायचा असल्यास हूक व साखळी वापरावी. दिव्याचा भार वायरवर कधीही देऊ नये.

३) वायर सॉकेटमध्ये जाण्यापूर्वी सॉकेटच्या पातळीखाली लोंबू द्यावी व मग वर न्यावी. वायरवरून ओघळलेले पाणी त्या खालच्या वळणावर ठिबकते, प्लगमध्ये शिरत नाही. या साध्या युक्तीला एक पैसाही लागत नाही.

४) एक्स्टेन्शन बोर्ड टँकखाली जमिनीवर ठेवू नये. सॉकेट टँकच्या बाजूला असावे, खाली नव्हे.

५) पाण्यात हात घालण्यापूर्वी दिवा, पंप, हीटर या सर्वांचे प्लग काढावेत. नुसते बटण बंद करून भागत नाही. दिवा पाण्यात पडलाच, तर आधी मेन स्विच बंद करावा, मगच हात घालावा.

माशांचाही विचार

पंचशीलातील पहिले शील प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे आहे. आपण पाळलेला जीव आपल्या हलगर्जीपणाने तडफडू नये, हेही त्यातच आले. दिवसाला साधारण आठ तास प्रकाश पुरे. रात्रभर दिवा ठेवल्यास माशांना विश्रांती मिळत नाही आणि शेवाळही माजते. एप्रिल-मे महिन्यांत दिव्याच्या उष्णतेने पाणी अधिक तापते, व तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. अंधारात एकदम दिवा लावल्यास मासे बिचकतात. म्हणून आधी खोलीतला दिवा लावावा.

परमपूज्य बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. विजेचा विषयही त्यांच्याकडे होता, आणि देशाच्या उद्योगवाढीसाठी ती स्वस्त व मुबलक मिळावी असा त्यांचा आग्रह होता. आज ती आपल्या घरोघरी आली आहे. ती समजून वापरणे हे आपले काम. विद्यार्थ्यांनी हा लेख वाचून आज संध्याकाळीच आपल्या व शेजाऱ्यांच्या घरचा बोर्ड पाहावा आणि त्यावर आर.सी.सी.बी. नसल्यास वडीलधाऱ्यांच्या कानी घालावे, एवढीच आमची विनंती.

जय भीम! नमो बुद्धाय!