लालबागेतला तोतया ख्रिसमस ट्री

बेंगळुरूच्या लालबागेत शिरले की मुले हमखास ओरडतात, "तो बघा ख्रिसमस ट्री!" उंच, थराथरांनी फांद्या फुटलेले ते झाड पाहून मोठ्यांनाही क्षणभर बर्फाळ मुलुखात आल्यासारखे वाटते. पण फसू नका. हा अरौकारिया. त्याचे माहेर दक्षिण पॅसिफिकमधले न्यू कॅलेडोनिया, म्हणजे चक्क उष्ण कटिबंध!

खऱ्या बर्फातल्या झाडांची तऱ्हाच निराळी. रशियात किरोव्स्क येथे, आर्क्टिक वृत्ताच्याही उत्तरेला, १९३१ मध्ये वनस्पती उद्यान सुरू झाले. कडाका सोसून कोणती झाडे तगतात, याची तिथे पारख होते. अशी झाडे दिवस लहान होऊ लागताच वाढ थांबवतात, पेशींतले पाणी बाहेर सारतात, आतला रस साखरेने दाट करतात. वसंतात जागे व्हायला मात्र त्यांना आधी भरपूर थंडी लागते. बेंगळुरूत ती आणायची कुठून? शहराचा आजवरचा नीचांक ७.८ अंश, तोही जानेवारी १८८४ मधला.

पारख लालबागेतही झाली, फक्त वेगळ्या हवेची. हैदरअलीने १७६० मध्ये सुरू केलेली ही बाग १८५६ मध्ये सरकारी वनस्पती उद्यान झाली. देशोदेशीची रोपे आणायची, इथे रुजतात का पाहायचे आणि रुजली तर ती लोकांपर्यंत पोचवायची, हा इथला उद्योग. जॉन कॅमेरॉन यांच्या काळात आलेले चौचौ इतके रुळले, की आज कानडी घरांत ते सांबारात पडते. नाव मात्र अजून 'सीमे बदनेकायी', म्हणजे परदेशी वांगे!

कॅमेरॉन यांच्यानंतर, १९०८ मध्ये, गुस्टाव्ह क्रुंबिगल आले. हे जर्मन गृहस्थ त्याआधी सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात बागा फुलवत होते. वर्षभर शहरातला कुठला ना कुठला रस्ता फुललेला असावा, ही त्यांची हौस. परदेशी रोपांप्रमाणे तेही इथेच रुजले. १९५६ मध्ये बेंगळुरूतच त्यांनी देह ठेवला.

आणि हो, अरौकारिया जरा लांबून पाहा. तो किंचित दक्षिणेकडे कललेला दिसला तर नवल नको. जगभरातली अडीचशेवर झाडे मोजून शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवले, की हे झाड विषुववृत्ताकडे झुकते. का, ते कोडे सुटलेले नाही.

मेट्रोच्या ग्रीन लाइनवर 'लालबाग' स्थानकाला उतरा, सकाळी लवकर जा. जानेवारी-ऑगस्टमधल्या पुष्पप्रदर्शनाचे दिवस मात्र टाळा. तेव्हा झाडांपेक्षा माणसेच जास्त दिसतात!