सावल्यांची श्रीमंती

रहस्यपट म्हटला, की पिस्तुले, धावत्या मोटारी आणि त्यांवर ओतलेला पैसा डोळ्यांपुढे येतो. मराठीच्या बेताच्या ऐपतीत हा समज खोटा ठरविला तो राजा परांजपे यांच्या १९६४ सालच्या 'पाठलाग'ने. जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवर आधारलेल्या या कृष्णधवल चित्रपटात भय उपजते ते संशयातून. पत्नीच्या मृत्यूने खचलेल्या वकिलासमोर तिच्याच चेहऱ्याची आरोपी उभी राहते आणि पतीपत्नींखेरीज कोणालाही ठाऊक नसलेल्या गोष्टी सांगू लागते. डोळ्यांनी पाहिलेला मृत्यू खरा मानावा, की कानांवर पडणारी ही ओळख? काशिनाथ घाणेकर आणि भावना यांच्या मुद्रांवरच जणू हा खटला चालतो. दोनच वर्षांनी हिंदी 'मेरा साया'ने ही कथा रंगांनी नटविली. मूळचा पेच मात्र मराठीच राहिला. हुतात्मा स्मृती मंदिरात एकांकिका रंगविणारे सोलापूरचे तरुण आज मोबाईलवर चित्रपट करू पाहतात. त्यांनी साधनांची वाट पाहण्यापेक्षा आधी अशी बांधेसूद कथा शोधावी. अंधाराला फारसा खर्च पडत नाही.