चेहऱ्याआडचे खेळ – लेखांक ४ : ठाऊक आहे, पण बोलायचं नाही

मागच्या लेखात आपण ‘माफिया’ची मूळ मांडणी पाहिली. मूठभरांना सगळं ठाऊक, उरलेल्यांना काहीच नाही. दिमित्री दाविदॉफ यांनी १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात मॉस्को विद्यापीठात हा खेळ बसवला, तेव्हा त्यात या दोनच बाजू होत्या. खास भूमिका पुढे खेळता खेळता आल्या आणि त्यात सर्वांत महत्त्वाची ठरली ती गुप्तहेराची. गाव झोपलं की हा डोळे उघडतो, एका खेळाडूकडे बोट दाखवतो आणि तो माफिया आहे की नाही, हे निवेदक त्याला मान हलवून सांगतो.

आपल्याकडच्या राजा-राणी-चोर-शिपाईत शिपायाला असा आधार नसतो. चिठ्ठ्या उघडल्या, चेहरे पाहिले, अंदाज ठोकला, डाव संपला. गुप्तहेराकडे मात्र पक्की माहिती असते आणि तीच त्याच्या मुळावर येते. सकाळी त्याने ‘तिसऱ्या खुर्चीवरचा माफिया आहे’ असं सांगितलं, तर गाव एक माफिया बाहेर काढतं. त्याच रात्री उरलेले माफिया गुप्तहेराला संपवतात. रात्री एकाला वाचवू शकणाऱ्या डॉक्टरने, या दुसऱ्या खास भूमिकेने, रोज त्यालाच वाचवायचं ठरवलं, तर खेळातली हवाच जाते. म्हणून बरेच गट ‘लागोपाठ दोन रात्री एकालाच वाचवायचं नाही’ असा नियम करतात. एखादा माफियाही बेधडक ‘मीच गुप्तहेर’ म्हणून उभा राहतो, ते वेगळंच.

जाणणाऱ्याला किंमत मोजायला लावायची, हे सूत्र फ्रेंच खेळकर्त्यांनी फार सुंदर वापरलं. फिलिप दे पालिएर आणि एर्वे मार्ली यांच्या २००१च्या लांडगा-माणसांच्या खेळात एक छोटी मुलगी आहे. लांडगे रात्री जागे होतात तेव्हा तिने डोळे किलकिले करून चोरून पाहायचं. दिसलं तर दिसलं. लांडग्यांनी तिला पकडलं, तर ठरलेल्या सावजाऐवजी तीच मरते. किती पाहायचं, हे ज्याने त्याने आपल्या धाडसावर ठरवावं.

पण माझ्या मते या सगळ्याचा कळस आहे मर्लिन. डॉन एस्क्रिज यांच्या २०१२च्या ‘ॲव्हलॉन’मधली ही भूमिका. पाच ते दहा खेळाडू, आर्थर राजाचे निष्ठावंत आणि त्यांच्यात मिसळलेले दुष्ट. सुरुवातीला सर्वांनी डोळे मिटून मूठ पुढे धरायची. दुष्ट डोळे उघडून एकमेकांना पाहून घेतात. मग ते डोळे मिटून अंगठा वर करतात आणि एकटा मर्लिन डोळे उघडतो. वर आलेले अंगठे त्याला दिसतात. पाच मोहिमांपैकी तीन फत्ते झाल्या की निष्ठावंत जिंकत आले. पण दुष्टांमधल्या मारेकऱ्याला शेवटी एक संधी मिळते. मर्लिन कोण, हे त्याने बरोबर ओळखलं, की जिंकलेला डाव उलटतो.

म्हणजे मर्लिनला तोंड दाबून बुक्क्यांचा मार. पाचजणांचा डाव घेऊ. अ मर्लिन, ब आणि क निष्ठावंत, ड मारेकरी, इ त्याचा साथीदार. पहिल्या मोहिमेला दोघं हवेत. ड म्हणतो, ‘मी आणि क जातो.’ या जोडीला पाठवायचं का, यावरचं मतदान उघड असतं. मर्लिनने एकट्यानेच विरोध केला, तर मारेकऱ्याने त्याच क्षणी मनात नोंद केली म्हणून समजा, कारण पहिल्या फेरीत ड वर संशय घ्यायला कुणाकडेच कारण नसतं. तेव्हा मुकाट्याने ‘हो’ म्हणणं बरं. समजा, मोहीम फसली. निष्ठावंताला मोहीम फसवायची मुभाच नाही, त्यामुळे क ला पक्कं कळलं की घात ड ने केला. तो ओरडून सांगणार. आता मर्लिन ड ला निर्धास्त विरोध करू शकतो, कारण त्या संशयाचं कारण टेबलावर सर्वांसमोर आहे. एक मोहीम गमावून त्याने आडोसा मिळवला. पाचपैकी दोन हरलो तरी चालतं, या हिशेबावरच चांगला मर्लिन खेळतो. मुरलेला मारेकरी हे जाणून पहिली मोहीम फसवतच नाही. तेव्हा मर्लिनची खरी कसोटी लागते.

शेवटी मारेकऱ्याने नुसता अंदाज बांधला, तरी पाचांच्या डावात तो तिनात एक वेळा बरोबर ठरतो. दहांच्या डावात सहा निष्ठावंत असतात, तिथे सहात एक वेळा. म्हणूनच मर्लिनचं रक्षण ही सगळ्या बाजूची जबाबदारी ठरते. पर्सिव्हल ही भूमिका त्यासाठीच आहे. त्याला मर्लिन कोण ते ठाऊक असतं, आणि आपणच सर्वज्ञ असल्याचा आव आणून तो मारेकऱ्याचा वार स्वतःवर ओढवून घेऊ शकतो. त्याला उतारा म्हणून दुष्टांमध्ये मॉर्गना. पर्सिव्हलला दोन अंगठे दिसतात, एक मर्लिनचा, एक मॉर्गनाचा. कुठला कुणाचा हे त्याने डाव पाहून ओळखायचं. दुष्टांपैकीच मोड्रेड हा मर्लिनपासूनही लपलेला असतो. ओबेरॉन दुष्ट खरा, पण त्याचे साथीदार त्याला ओळखत नाहीत आणि तो त्यांना.

नव्याने खेळणाऱ्यांनी या सगळ्या भूमिका एकदम घेऊ नयेत, असं मी आग्रहाने सांगेन. पहिले काही डाव फक्त मर्लिन आणि मारेकरी. ते अंगवळणी पडले की पर्सिव्हल आणि मॉर्गना जोडीनेच आणा. एकटा पर्सिव्हल आला तर पारडं निष्ठावंतांकडे झुकतं. मोड्रेड आला की मर्लिनची माहिती अपुरी पडते, त्यामुळे तो निष्ठावंत वारंवार जिंकू लागल्यावर घ्यावा. ओबेरॉन दुष्टांची बाजू कमजोर करतो. दुष्ट तीन असतात तेव्हा, म्हणजे सातजण जमल्यावरच तो घ्यावा.